चहा पाण्यात मोजायचा का?

हो, दिवसभरात किती पाणी पोटात गेलं याच्या हिशेबात चहाही बिनधास्त मोजा. चहामुळे लघवी जास्त होते आणि शरीर उलट कोरडं पडतं, असं अनेकांना वाटतं. कॅफीन लघवी थोडी वाढवतं हे खरं, पण चहाच्या कपात बहुतांश पाणीच असतं आणि त्यातलं बरंचसं अंगी लागतं. रोज चहा-कॉफी पिणाऱ्यांच्या शरीराला तर कॅफीनची सवयच झालेली असते. दुधात सुमारे 87 टक्के पाणी असतं. सूप, फळांचा रस हेही हिशेबात धरा. दारू मात्र धरू नका.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2010 मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी दिवसाला 2 लिटर आणि पुरुषांसाठी 2.5 लिटर पाणी पुरेसं मानलं. त्यात जेवणातलं पाणीही आलं, हे आपण हमखास विसरतो.

तरीही तहान चहावरच भागवू नका. कारण पाणी नव्हे, साखर! दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे जवळपास 40 ग्रॅम साखर. शिवाय जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही, म्हणून तासभर अंतर ठेवा.

लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यास डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात चहाही धरा.