ब्रिस्बेनमधे घर शिफ्ट करताय? आधी कुंड्या बघा

ब्रिस्बेन आणि आसपास फायर अँटचे (वाईट चावणाऱ्या, मातीतून पसरणाऱ्या मुंग्यांचे) झोन आहेत, त्यामुळे माती, मल्च (झाडांभोवती पसरतात तो भुसा-पालापाचोळा), कंपोस्ट, लॉनचे तुकडे, कुंडीतली झाडं वाट्टेल तिथे उचलून नेता येत नाहीत आणि हे नेमकं पॅकिंगच्या दिवशी कळतं.

१. जुना आणि नवा दोन्ही सबर्ब सरकारी फायर अँट साइटवरच्या झोनच्या नकाशात टाकून बघा, नियम त्यावर ठरतात.
२. तुळस-मोगऱ्याच्या कुंड्या आधीपासूनच जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवा आणि नेण्याआधी खालून नीट तपासा.
३. उरलेली माती-मल्च शेजाऱ्यांना देऊन टाका, नवीन घरी नवीन घ्या, सगळ्यात सोपं हेच.

तांबूस-तपकिरी, मागचा भाग गडद, लहानमोठ्या मुंग्या एकत्र दिसल्या तर कुंडी हलवूच नका, हात लावू नका, फार वाईट चावतात. लांबूनच फोटो काढून त्याच सरकारी साइटवर २४ तासांत कळवा, क्वीन्सलँडमधे ते कायद्यानेच बंधनकारक आहे.