वेब-सेवांमधला मध्यस्थ सर्व्हर सुरक्षितपणे कसा उभारावा

मोबाइल अ‍ॅपकडून आलेली रिक्वेस्ट स्वीकारायची, ती पेमेंट, कुरिअर किंवा एसएमएस पाठवणाऱ्या सेवेकडे पोचवायची आणि तिकडचे उत्तर अ‍ॅपला परत द्यायचे, एवढेच काम करणारे मिडलवेअर, म्हणजेच मध्यस्थ सर्व्हर, लिहायला फारसा वेळ लागत नाही. जोखीम निर्माण होते ती त्याच्या जागेमुळे. ते अंतर्गत नेटवर्कमध्ये बसलेले असते, इतर सेवांच्या गुप्त किल्ल्या त्याच्या हवाली केलेल्या असतात आणि तरीही ते बाहेरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून हालचाल करते. धन्याच्या कोठाराच्या किल्ल्या कमरेला लावून वाटसरूच्या शब्दावर कुलूप उघडणाऱ्या कारभाऱ्यासारखी ही स्थिती असून नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये तिला 'कन्फ्यूज्ड डेप्युटी' असे नाव दिले. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न स्वतःला विचारावा: हे काम करून घेण्याचा अधिकार मूळ मागणाऱ्याला आहे का, की केवळ मध्यस्थाला आहे म्हणून ते घडते आहे?

अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेला या प्रश्नाची किंमत २०१९ मध्ये मोजावी लागली. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर चुकीच्या मांडणीने चालवलेल्या फायरवॉलकडून हल्लेखोराने १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवून घेतली. हा मेटाडेटा सेवेचा, म्हणजे सर्व्हरला त्याची स्वतःची माहिती पुरवणाऱ्या सेवेचा पत्ता; तो सर्व्हरला आतूनच दिसतो आणि तेथे त्या सर्व्हरच्या तात्पुरत्या किल्ल्या मिळतात. त्या किल्ल्यांनी साठवणीतील फाइली उघडल्या गेल्या आणि अमेरिकेतील सुमारे १० कोटी व कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. पुढच्या वर्षी अमेरिकी नियामकाने बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

पायरी १: रिक्वेस्ट कोठे जाऊ शकते ते आधी ठरवा

सर्वांत सुरक्षित मांडणीत अ‍ॅपने पूर्ण यूआरएल पाठवायचीच नसते. अ‍ॅप 'कुरिअर' किंवा 'पेमेंट' एवढे नाव पाठवते आणि त्या नावाचा पत्ता मध्यस्थ स्वतःच्या यादीतून काढतो. यादीत नसलेले नाव आले की रिक्वेस्ट तेथेच नाकारावी.

ग्राहकाने दिलेल्या पत्त्यावर वेबहुक (काही घडले की आपोआप जाणारी सूचना) पाठवायचे असेल किंवा लिंकचे पूर्वदृश्य दाखवायचे असेल, तर यूआरएल स्वीकारण्यावाचून गत्यंतर नसते आणि तेथे काळजी बरीच वाढते. मजकुरात '१२७.०.०.१' (सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता) आहे का एवढे पाहून भागत नाही, कारण तोच पत्ता २१३०७०६४३३ या एका सलग संख्येतही लिहिता येतो आणि आयपीव्ही६ या लांब पत्त्यांच्या पद्धतीच्या वेष्टनातही दडवता येतो. म्हणून यूआरएल एकाच पार्सरने (मजकुराचे भाग पाडून अर्थ लावणाऱ्या कोडने) फोडावी, फक्त एचटीटीपीएस चालू द्यावे, डोमेनचे नाव डीएनएसमधून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेतून) स्वतः सोडवून आयपी पत्ते मिळवावेत आणि त्यांतील एकही पत्ता १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२, १९२.१६८.०.०/१६, १२७.०.०.०/८, १६९.२५४.०.०/१६ या अंतर्गत वापराच्या पट्ट्यांत किंवा आयपीव्ही६ मधील अशाच खासगी पट्ट्यांत येत असेल तर नकार द्यावा. यानंतर जोडणी करायची ती तपासलेल्या त्याच आयपीशी. नाव पुन्हा सोडवले, तर तपासणी आणि जोडणी यांच्या मधल्या क्षणी हल्लेखोर आपल्या डीएनएसमधून दुसराच पत्ता पुढे करतो. समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र मात्र मूळ डोमेनच्या नावानेच तपासावे. रीडायरेक्टच्या ('दुसऱ्या पत्त्यावर जा' अशा उत्तराच्या) मागे आपोआप जाणे बंद करावे किंवा प्रत्येक नव्या पत्त्याला हीच सारी तपासणी लावावी. पायथॉन भाषेची लोकप्रिय रिक्वेस्ट्स लायब्ररी गेट (माहिती मागवणाऱ्या) रिक्वेस्टमध्ये न सांगता रीडायरेक्टमागे धावते, हे येथे ध्यानात असू द्यावे.

कोडमधील ही तपासणी कधीतरी चुकेल असे गृहीत धरून नेटवर्कच्या पातळीवरही बाहेर जाणारी वाहतूक मोजक्या ठिकाणांपुरती बांधून टाकावी. अ‍ॅमेझॉनवर असाल तर मेटाडेटा सेवेची नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती सक्तीची करावी. तिच्यात आधी पुट प्रकारची रिक्वेस्ट करून टोकन (तात्पुरता परवाना) घ्यावे लागते आणि त्या रिक्वेस्टमध्ये मूळ मागणाऱ्याचा पत्ता सांगणारा 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) दिसला की टोकन मिळत नाही. मध्यस्थ हा हेडर सहसा स्वतःच जोडतात, त्यामुळे ही युक्ती मला फार चपखल वाटते.

पायरी २: आलेली रिक्वेस्ट पुढे ढकलू नका, नवी बांधा

आलेले सगळे हेडर जसेच्या तसे पुढे पाठवणे ही या कामातील सर्वांत सामान्य चूक आहे. 'कनेक्शन', 'अपग्रेड', 'ट्रान्सफर-एन्कोडिंग' यांसारखे हेडर एका टप्प्यापुरतेच असतात. ते, आणि 'कनेक्शन'मध्ये नावे दिलेले इतर हेडर, मध्यस्थाने काढून टाकायचे असतात. वापरकर्त्याची ओळख सांगणारे अंतर्गत हेडर बाहेरून आले असतील तर तेही पुसून स्वतःच्या खात्रीने नव्याने लिहावेत. २०१६ मध्ये उघड झालेल्या 'एचटीटीपॉक्सी' दोषात बाहेरून आलेला साधा 'प्रॉक्सी' नावाचा हेडर सीजीआय या सर्व्हर व प्रोग्राम जोडणाऱ्या पद्धतीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामची मांडणी ठरवणारे मूल्य) बनत असे आणि सर्व्हरची बाहेर जाणारी वाहतूक हल्लेखोराच्या यंत्रातून वळवली जाऊ शके. म्हणून नको असलेल्या हेडरांची यादी करण्याऐवजी हव्या असलेल्यांची यादी ठेवावी.

यापेक्षा सूक्ष्म धोका म्हणजे रिक्वेस्ट स्मगलिंग, ज्याचे वर्णन २००५ मध्येच झाले होते आणि २०१९ मध्ये जेम्स केटल यांच्या संशोधनाने ते पुन्हा ऐरणीवर आले. एकाच रिक्वेस्टमध्ये 'कंटेंट-लेंग्थ' आणि 'ट्रान्सफर-एन्कोडिंग' असे मजकुराची लांबी ठरवणारे दोन्ही हेडर आले आणि मध्यस्थाने एकावर, पुढच्या सर्व्हरने दुसऱ्यावर विश्वास ठेवला, तर रिक्वेस्ट कोठे संपते याबद्दल दोघांचे मत वेगळे होते. उरलेला तुकडा मग पुढच्या, बहुधा दुसऱ्याच माणसाच्या रिक्वेस्टच्या सुरुवातीला जोडला जातो. असे दोन्ही हेडर आले की ४०० हा 'चुकीची रिक्वेस्ट' सांगणारा संकेत देऊन जोडणी तोडावी. याच कारणासाठी एचटीटीपीचा पार्सर स्वतः लिहिण्याच्या मोहात पडू नये; एन्व्हॉय, एचएप्रॉक्सी किंवा एन्जिनएक्स यांपैकी एक तयार मध्यस्थ सॉफ्टवेअर वापरावे आणि ते अद्ययावत ठेवावे.

पायरी ३: सेवेची ओळख आणि माणसाची ओळख वेगळी ठेवा

पुढच्या सेवेला दोन गोष्टी कळायला हव्यात: दारात कोणता सर्व्हर उभा आहे आणि तो कोणासाठी आला आहे. पहिलीचे उत्तर दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्र दाखवणाऱ्या म्युच्युअल टीएलएसने (टीएलएस म्हणजे एचटीटीपीएसमागचे कूटबद्ध जोडणीचे तंत्र) मिळते, दुसरीचे टोकनने. वापरकर्त्याचे मूळ टोकन सगळ्या सेवांना वाटत सुटल्यास त्यांतील सर्वांत कच्ची सेवा फुटली की ते सगळीकडे वापरता येते. म्हणून मध्यस्थाने त्या टोकनच्या बदल्यात ठरावीक सेवेपुरते, काही मिनिटेच टिकणारे आणि कमी अधिकारांचे टोकन घ्यावे. ओऑथ या अधिकार सोपवण्याच्या पद्धतीतील ही अदलाबदल २०२० मध्ये आरएफसी ८६९३ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात प्रमाणित झाली आहे. जेडब्ल्यूटी (सही केलेले टोकन) तपासताना सही, ते कोणी दिले, कोणासाठी दिले आणि केव्हा संपते हे चारही पाहावे. सहीची पद्धत टोकनमध्ये लिहिली आहे म्हणून मान्य करू नये, ती आपल्या मांडणीत ठरलेली असावी. शिवाय 'मध्यस्थाने तपासले असेल' असे म्हणून पुढच्या सेवेने स्वतःची अधिकार-तपासणी सोडू नये.

पायरी ४: दोन्ही टप्प्यांवर टीएलएस

टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ पासून अधिकृतपणे बाद आहेत. किमान १.२ ठेवावे. एन्जिनएक्समध्ये पुढच्या सेवेचे प्रमाणपत्र तपासण्याची सोय मुळात बंद असते. ती आठवणीने सुरू करावी.

पायरी ५: मर्यादा घाला

रिक्वेस्टचा आकार, उलगडलेल्या संकुचित मजकुराचा आकार, प्रत्येक ग्राहकाच्या रिक्वेस्टची संख्या आणि वाट पाहण्याचा वेळ या सगळ्यांना वरची सीमा हवी. वर उल्लेखलेली रिक्वेस्ट्स लायब्ररी टाइमआउट दिला नाही तर अमर्याद थांबून राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एचटीटीपी/२ च्या 'रॅपिड रिसेट' हल्ल्यात गूगलने सेकंदाला ३९.८ कोटी रिक्वेस्ट नोंदवल्या, तेव्हा एका जोडणीवर किती प्रवाह (एकाच वेळी चालणाऱ्या रिक्वेस्ट) उघडून रद्द करता येतील यालाही मर्यादा असावी. पुन्हा प्रयत्न करताना पैशांच्या रिक्वेस्टला एक अनन्य क्रमांक जोडावा आणि तो पेमेंट सेवा ओळखते याची खात्री करावी, नाहीतर उत्तर हरवले म्हणून ग्राहकाच्या खात्यातून दोनदा रक्कम जाते.

पायरी ६: उत्तरे आणि नोंदी

पुढच्या सेवेचा त्रुटीचा संदेश, स्टॅक ट्रेस (कोड कोठे अडला याची यादी) किंवा अंतर्गत पत्ता बाहेर जाऊ देऊ नये. ग्राहकाला एक साधा संदेश आणि नोंदीचा क्रमांक पुरतो. लॉगमध्ये टोकन, ओटीपी, कार्ड क्रमांक कधीही लिहू नयेत. भारतात सेवा चालवणाऱ्यांना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. त्यामुळे कोणती रिक्वेस्ट कोणासाठी, कोठे आणि केव्हा गेली हे एकाच क्रमांकाने शोधता येईल अशी नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

पायरी ७: मोडून पाहा

वरच्या प्रत्येक नकाराची स्वयंचलित चाचणी लिहावी: एका संख्येत लिहिलेला अंतर्गत पत्ता, मेटाडेटा सेवेकडे नेणारा रीडायरेक्ट, लांबीचे दोन परस्परविरोधी हेडर, दुसऱ्या सेवेसाठी दिलेले टोकन, मुदत संपलेले प्रमाणपत्र. मध्यस्थाची किंवा लायब्ररीची आवृत्ती बदलताना या चाचण्या पुन्हा चालवाव्यात, कारण पार्सरची वागणूक छोट्या सुधारणेतही बदलते आणि आधी नाकारली जाणारी रिक्वेस्ट गुपचूप स्वीकारली जाऊ लागते.