लहानपणी गाजलेला वादक मोठेपणी ऐकताना: सीमाभागातून पियानोकडे वळणाऱ्यांसाठी

पियानो शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या वर्षातच येवगेनी किसिन हा रशियन पियानोवादक ऐकवते, आणि तोही दोन वयांतला. पहिला बारा वर्षांचा. मार्च १९८४, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचं मोठं सभागृह, साथीला मॉस्को फिलहार्मोनिक वाद्यवृंद, संचालन दिमित्री किताएन्को यांचं, आणि पोलिश रचनाकार शोपँचे दोन्ही पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायच्या तीन भागांच्या रचना. दुसरा किसिन मोठा झालेला, शोपँच वाजवणारा. दोन्ही ऐकून झालं की मी गप्प बसते आणि खोलीतल्या लोकांना बोलू देते.

आपल्या भागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात, पियानो वाजवणारी मुलं थोडी आणि त्यांना ओळखणारी माणसं फार. आठ-नऊ वर्षांचं पोर गणेशोत्सवाच्या स्टेजवर दोन्ही हातांनी की-बोर्ड वाजवतं, मंडळ शाल-नारळ देतं, व्हिडिओ गावभर फिरतो. तेच पोर सोळाव्या वर्षी शोपँ वाजवायला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "लहानपणी काय वाजवायचा! आता ती मजा नाही राहिली." एवढ्यावरून पियानो बंद करून ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून असं बोलणं कुठून येतं आणि त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं, हे मला स्केल्सइतकंच, म्हणजे रोजच्या सुरावटींच्या सरावाइतकंच, शिकवण्यासारखं वाटतं. या वाटेला नव्याने लागणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या आई-वडिलांनी हे आधीच जाणून घ्यावं.

किसिनचा जन्म १९७१ चा. दोन वर्षांचा असतानाच तो ऐकलेलं पियानोवर काढू लागला. सहाव्या वर्षी मॉस्कोच्या ग्नेसिन शाळेत आन्ना काँतोर यांच्या हाताखाली गेला आणि पुढे त्याने दुसरा गुरू केलाच नाही. १९९० मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं. १९९७ मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात अख्खी संध्याकाळ त्याच्या एकट्याच्या पियानोची होती. त्या महोत्सवात असं त्याआधी कधी झालं नव्हतं. एवढं सगळं होऊनही त्याच्याबद्दल ऐकणाऱ्यांचे दोन तट आहेत. एका तटाला १९८४ चा मुलगाच हवा आहे. त्यांच्या मते तेव्हा सूर आपोआप यायचे, आता प्रत्येक सूर ठरवून आल्यासारखा वाटतो. दुसऱ्या तटाला हाच ठरवलेला सूर मोलाचा वाटतो, लहानपणी जे हाताला सापडलं होतं ते आता डोक्याला कळलंय असं ते म्हणतात.

कोणत्याही तटात जाण्याआधी एक प्रयोग करा. व्हिडिओ लावू नका, नुसतं ऐका. १९८४ च्या चित्रीकरणात पांढरा शर्ट आणि गळ्यात लाल रुमाल घातलेला, पियानोपुढे लहानसा दिसणारा मुलगा आहे. तो दिसला की कान अर्धं काम सोडून देतात. समोर बारा वर्षांचं पोर असलं की जमलेली प्रत्येक गोष्ट चमत्कार ठरते आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत तीच गोष्ट गृहीत धरली जाते.

माझ्या घरी टिळकवाडीत अधूनमधून रविवारी संध्याकाळी आम्ही असे बसतो. शिकणारी मुलं असतात, त्यांचे पालक असतात आणि आयुष्यभर ख्याल, नाट्यसंगीत, भजन ऐकलेली चार जुनी माणसं मी मुद्दाम बोलावते. एकदा एफ मायनर कॉन्चेर्टोमधला मधला संथ भाग, लार्गेटो, लावला होता. वय, नाव काहीच सांगितलं नव्हतं. भजनी मंडळात पेटी वाजवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं असे आमच्या गल्लीतले एक काका डोळे मिटून बसले होते. उजव्या हाताची ती लांब, वळणं घेत जाणारी ओळ संपत आली तसे त्यांनी मांडीवर हलकेच बोट टेकवलं, जणू सम आली. मग म्हणाले, "उजवा हात लय सोडून हिंडून यायलाय बघा, खरं डावा जागेवरनं हलंना झालाय. कोण म्हणायचं हे?"

मी म्हटलं, "काका, बारा वर्षांचा मुलगा आहे."

"असू दे की. मी वय कुठं विचारलं? नाव विचारलं."

काकांनी पियानोचं शास्त्र कधी शिकलेलं नाही. पण त्यांनी पकडलं ते नेमकं शोपँ वाजवण्याचं मर्म. शोपँच्या शिष्यांनी नोंदवून ठेवलंय की डाव्या हाताने संचालकासारखी लय धरावी आणि उजव्याने मोकळं गावं, असं तो सांगायचा. यालाच रुबातो म्हणतात. ठेका चालू असताना गवई मागे-पुढे होऊन बरोबर समेवर येतो, हे ज्याने ऐकलंय त्याला रुबातो वेगळा समजवावा लागत नाही. आपल्याकडच्या मुलांची ही मोठी शिदोरी आहे. पुण्या-मुंबईच्या मुलांसारखे कार्यक्रम आपल्याला ऐकायला मिळत नाहीत म्हणून हळहळत बसू नका.

त्याच संध्याकाळी मोठेपणीचा किसिन ऐकल्यावर एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "हा जड वाटतो गं." एवढ्यावर थांबलं असतं तर त्यातून कुणाच्याच हाती काही लागलं नसतं. मी विचारलं, "कुठे जड?" त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "खालचे सूर." तो तुकडा पुन्हा लावला. खरंच तिथे डाव्या हाताचे खर्जातले सूर भरीव होते. आता बोलण्यासारखं काही हाती आलं. पियानोचा सूर एकदा वाजला की तो विरतच जातो. गळ्यासारखा किंवा सारंगीसारखा तो फुगवता येत नाही, मींडही नाही. मग पियानो गातो कसा? वरच्या ओळीला किती वजन दिलं, खालचं किती आवरलं, एक सूर सुटण्याआधी दुसरा कसा धरला, पॅडल कुठे बदललं, यावर ते सगळं ठरतं. खर्ज भरला की वरची ओळ आणखी पुढे आणावी लागते. मोठ्या वादकाचा हात मोठा, खांद्यापासून येणारं वजन मोठं, त्याच्यासाठी हा तोल लहान मुलापेक्षा निराळाच असतो. शिवाय १९८४ चं ध्वनिमुद्रण भरल्या सभागृहातलं, सोव्हिएत काळातलं. नंतरची बरीचशी निराळ्या तंत्राची, निराळ्या जागेतली. माइक कुठे ठेवला यानेही "जड" आणि "हलकं" बदलतं.

म्हणून माझ्याकडे नियम आहे: ऐकून "छान" किंवा "मजा नाही" म्हणायचं नाही, जागा सांगायची. कुठला हात, ओळीची सुरुवात की शेवट, आवाज की लय. तुम्हाला कुणी "आधीसारखं नाही" म्हणालं तर नम्रपणे एवढंच विचारा, "कुठे वाटलं?" ज्याला जागा सांगता येते त्याचं बोलणं वहीत लिहून घ्या, मग तो मराठीत सांगो, कानडीत सांगो की कोकणीत. ज्याला सांगता येत नाही तो तुमच्या वाजवण्याबद्दल बोलतच नसतो. त्याला तुमचं लहानपण आठवत असतं. ते प्रेमच आहे, त्याचा राग धरू नका, पण रियाज त्यावर ठरवू नका.

हे पियानोपुरतंच आहे असंही नाही. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेल्या शिवपुत्र कोमकाळीमठ या मुलाला लहानपणीच कुमार गंधर्व ही पदवी मिळाली. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून तो ते गाणं हुबेहूब म्हणायचा आणि लोक थक्क व्हायचे. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिक्षण झालं, मग क्षयरोगाने गाठलं, देवासला काही वर्षं गाणं बंद राहिलं. १९५० च्या दशकात ते पुन्हा गायला लागले तेव्हा गाणं पार निराळं होतं: छोट्या छोट्या फेकी, मध्येच सोडलेली शांतता, माळव्याच्या लोकधुनांतून उचललेले सूर. काहींना ते परंपरा मोडणारं वाटलं, काहींनी त्यासाठी जीव टाकला. तबकड्यांची नक्कल करणारा मुलगाच जे शोधत होते, त्यांना तो कधीच सापडणार नव्हता.

उलट टोकाचं उदाहरण पियानोवादक एर्विन निरेजहाझीचं. १९०३ मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या या मुलाचा एका मानसशास्त्रज्ञाने लहानपणी सविस्तर अभ्यास केला होता. पुढे अमेरिकेत गरिबीत, मंचापासून दूर कित्येक दशकं गेली. १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चर्चमध्ये त्याने वाजवलं. श्रोत्यांपैकी एकाने ते टेपवर घेतलं, आणि रचनाकार फ्रान्झ लिस्टच्या रचनांचं ते वादन पुढे रेकॉर्डवर आलं. प्रचंड आवाज, अतिशय संथ लय, चुकलेले सूर. ऐकणाऱ्यांपैकी काहींना त्यात एकोणिसाव्या शतकातला हरवलेला पियानो ऐकू आला, काहींना निव्वळ मोडतोड. मी हे मोठ्या मुलांनाच ऐकवते आणि मत द्यायला घाई करू नका म्हणते. माझं स्वतःचं मत असं की ते चुकलेले सूर माफ करून ऐकावं असं त्यात बरंच आहे.

पालकांनी मात्र योसेफ हॉफमनची गोष्ट लक्षात ठेवावी. १८८७ मध्ये अकरा वर्षांच्या या मुलाला अमेरिकेत एकामागून एक कार्यक्रमांना जुंपलं होतं. बालसंरक्षण संस्थेने हरकत घेतली आणि एका धनिकाने ५०,००० डॉलर दिले, अट एकच: अठरा वर्षांचा होईपर्यंत जाहीर कार्यक्रम नाही. त्या वर्षांत तो शिकला आणि विसाव्या शतकातल्या अव्वल पियानोवादकांत गणला गेला. आपल्याला ५०,००० डॉलर कोण देणार, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला वर्षभरात चार स्टेज कमी दिले तर त्याचं काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना फार लागते, ती म्हणजे शांतता. आपल्या मैफलीत दाद तिथल्या तिथे मिळते. एखादी जागा बसली की समोरून "वाह" येतं आणि गाणाऱ्याला कळतं की पोचलं. पियानोच्या कार्यक्रमात कॉन्चेर्टोचे तिन्ही भाग होईपर्यंत टाळी वाजवत नाहीत. पहिल्यांदा गोव्यात वाजवून आलेली आमची मुलं हिरमुसून येतात, "कुणालाच आवडलं नाही." तसं नसतं. तिथे लोक तोंडाने दाद देत नाहीत, ते खोकला आवरतात, कागद चुरगळत नाहीत, खुर्चीत हलत नाहीत. हे ओळखायला घरीच शिका: आजी-आजोबांना सांगून ठेवा की पूर्ण होईपर्यंत काहीही बोलायचं नाही. आजोबांना ते फार जड जातं.

साधन आणि परीक्षा याबद्दल थोडक्यात. सुरुवातीला खरा पियानो घेण्याच्या मागे लागू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर उतरतात, आणि सूर लावणारा माणूस बाहेरून बोलवावा लागतो. ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो पुष्कळ वर्षं पुरतो. ६१ पट्ट्यांच्या हलक्या की-बोर्डवर मात्र वरच्या ओळीचा आणि खर्जाचा तो तोल कधीच हाताला येणार नाही. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या संस्थांच्या आठ ग्रेड आहेत, पुढे डिप्लोमा. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, चोर्ला घाटातून जाऊन-येऊन तिथली वाट धरता येते. पोटापाण्याचं विचाराल तर इथे आधी शिकवणी, शाळांतलं संगीत, गायकवृंदाची साथ हेच असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

लहानपणी स्टेज गाजवलेला माझा एक विद्यार्थी सोळाव्या वर्षी शोपँचं ई फ्लॅटमधलं नॉक्टर्न (रात्रीच्या वातावरणाची छोटी, गाती रचना), ओपस ९ क्रमांक २, तयार करत होता. त्यात तीच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दरवेळी तिच्यावर नवी नक्षी चढते. घरच्या बैठकीत वाजवल्यावर एक मामा म्हणाले, "बोटं आधी जास्त पळायची." तो पांढराफटक झाला. पेटीवाले काका तिथेच होते. ते म्हणाले, "तिसऱ्यांदा आलास तेव्हा घाई केलीस. तेवढं सोडलं तर प्रत्येक वेळी जागा नवी होती." त्याने तो तिसरा फेरा महिनाभर निम्म्या लयीत घासला. मामांचं वाक्य खरंही होतं, बोटं आधी पळायचीच. पण नॉक्टर्नला पळणारी बोटं लागत नाहीत.

म्हणून पहिला स्वतंत्र कार्यक्रम ठरवताना निम्मे श्रोते असे बोलवा ज्यांनी त्या मुलाला लहानपणी ऐकलेलं नाही. निवेदनात "बालकलाकार म्हणून गाजलेला" असं वाक्य घालू देऊ नका. रचनेचं नाव, रचनाकार आणि वादकाचं नाव पुरे. आदल्या दिवशी तिथल्या पियानोवर खर्जातले सूर वाजवून बघा, सभागृहाच्या शेवटच्या रांगेत कुणाला तरी उभं करा आणि विचारा, वरची ओळ ऐकू येतेय का.