अरॅबिडॉप्सिस लावताय? आधी झारी बाजूला ठेवा

मोहरीच्या कुळातलं हे वीतभर तण. ना भाजीचं, ना शोभेचं; लावायचं ते प्रयोगशाळेत, अभ्यासासाठी. पण वनस्पतींमध्ये पहिल्यांदा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, वाचला गेला तो याचाच, २००० साली. बी पेरून पुन्हा बी हाती यायला साधारण सहा आठवडे लागतात. एवढंही ज्यांना थांबवत नाही, त्यांच्याच कुंड्या मी दरवर्षी फेकते.

सगळ्यात मोठी चूक वरून पाणी घालायची. एका ग्रॅममध्ये जवळपास ५०,००० बिया मावतात, म्हणजे बी कसलं, धूळच ती! एकदा आमचा एम.एस्सी.चा मुलगा धावत आला, ‘मॅडम, लव आली!’ त्यानं लावलेल्या वाणाच्या पानांवर लव नसते, तोच त्याचा दोष. भावानं ‘दोष आपोआप दुरुस्त झाला’ अशी सेमिनारची स्लाइडही करून ठेवलेली. मी ट्रे बघितला. शेजारीच कोलंबियाच्या, म्हणजे लव असलेल्या साध्या वाणाच्या कुंड्या, आणि पेरणीच्या दुसऱ्या दिवशी यानं झारीनं पाणी घातलेलं. शेजारचं बी वाहत आलं होतं. सहा आठवडे पाण्यात, अगदी शब्दशः. तेव्हापासून पाणी ट्रेमध्येच ओतायचं, अर्ध्या तासानं उरलेलं काढून टाकायचं, आणि दोन वाण एका ट्रेत ठेवायचे नाहीत.

दुसरी चूक थंडी चुकवायची. ओलं बी फ्रीजमध्ये ४ अंशांवर तीन दिवस ठेवायचं. ‘तसंही उगवतं की, मॅडम!’ उगवतं ना. एक चौथ्या दिवशी, दुसरं बाराव्या. मग तुलना कुणाची कुणाशी करणार?

बियांवर माती लोटू नका, त्यांना रुजायला उजेड लागतो. पंचगंगेकाठची काळी माती उसाला राहू द्या. इथं कोकोपीट आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे). ओल टिकवायला कुंडीवर झाकलेलं प्लास्टिक पहिली दोन पानं उघडली की हळूहळू काढा, नाहीतर जुलैच्या दमटपणात शेवाळ येतं आणि पाठोपाठ काळी चिलटं. खोली २२ अंशांच्या आसपास हवी. कोल्हापुरात मार्चनंतर एसीशिवाय नाद करायचा नाही.

शेंगा पिवळ्या पडायला लागल्या की पाणी बंद करून झाडावर कागदी पिशवी चढवा. उशीर केलात तर हात लागताच शेंगा फुटतात, आणि पुढच्या लावणीत तुमची रोपं दुसऱ्याच्या कुंडीत उगवतात. मग तो दुसरा भांडायला माझ्याकडे येतो.