कॅन्सर तपासणी मोहिमेचा हिशेब: आखताना आणि नंतर

मी सांख्यिकीचं काम करते. लक्षणं नसलेल्या लोकांमध्ये कॅन्सर शोधायची तपासणी मोहीम आखणारे डॉक्टर माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'किती लोक तपासायचे?' मी आधी विचारते, मोहिमेचा उपयोग झाला हे कोणत्या आकड्यावरून ठरवणार? ते ठरेपर्यंत संख्येचं गणित मांडताच येत नाही.

उत्तर बहुधा येतं, 'निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण.' कृपा करून हा आकडा इथे घेऊ नका. समजा, एका बाईंना ६६व्या वर्षी त्रास होऊन कॅन्सरचं निदान झालं आणि ६९व्या वर्षी त्या गेल्या. तोच कॅन्सर तपासणीत ६२व्या वर्षी सापडला आणि तरीही त्या ६९व्याच वर्षी गेल्या, तर निदानानंतरची वर्षं ३ची ७ झाली. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही. मधल्या चार वर्षांना आम्ही लीड टाइम म्हणतो. भरीस भर म्हणजे सावकाश वाढणाऱ्या गाठी जास्त काळ लक्षणांविना राहतात, म्हणून तपासणीत त्याच जास्त सापडतात. झपाट्याने वाढणाऱ्या गाठी दोन तपासण्यांच्या मधेच डोकं वर काढतात. १९७१मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या मेयो लंग प्रोजेक्ट या फुप्फुसाच्या कॅन्सर तपासणीच्या अभ्यासात हेच दिसलं: वारंवार तपासलेल्या गटात निदानानंतर जगण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त, पण फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झालेच नाहीत.

'आमच्याकडे पहिल्या टप्प्यातले रुग्ण वाढले' हाही पुरावा पुरेसा नाही. ब्रिटनमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी दोन लाखांहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासात, रक्तचाचणी आणि गरजेनुसार सोनोग्राफी केलेल्या गटात, पुढच्या टप्प्यातले कॅन्सर घटले. मृत्यू घटले नाहीत, हे २०२१मध्ये जाहीर झालं.

तेव्हा मोजायचे ते मृत्यू, आणि भागायचं ते बोलावलेल्या सगळ्यांच्या संख्येने. फक्त आलेल्यांच्या नव्हे. आपणहून येणारी माणसं मुळातच तब्येतीला जपणारी असतात. त्यांची न आलेल्यांशी तुलना केली की कुचकामी तपासणीही गुणकारी दिसते. कोणाला बोलवायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, यादृच्छिक पद्धतीने ठरवा, म्हणजे बोलावलेले आणि न बोलावलेले असे तुलनेचे दोन गट होतात.

आता संख्या. समजा, तपासणी नसेल तर दहा वर्षांत हजारी ३ मृत्यू होतात आणि तपासणीमुळे ते २० टक्के कमी होतील अशी आशा आहे. नेहमीची ५ टक्के सार्थकता पातळी (परिणाम नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (परिणाम असेल तर तो पकडण्याची शक्यता) धरली, तर प्रत्येक गटात साधारण १ लाख १८ हजार माणसं लागतात. हा आकडा ऐकून खोलीत शांतता पसरते, पण खरी अडचण पुढेच आहे. बोलावलेल्यांपैकी ७० टक्केच आले, तर २० टक्क्यांचा परिणाम १४ टक्क्यांवर येतो आणि गरज प्रत्येक गटात सुमारे २ लाख ४८ हजारांवर जाते. म्हणजे निम्मी मेहनत लोकांना आणण्यावर करा. तिच्याइतकं स्वस्त सांख्यिकी तंत्र नाही.

माणसांऐवजी गावं किंवा वस्त्या गटांत वाटायच्या असतील, तर आणखी एक गुणाकार. एका समूहात २,५०० माणसं आणि समूहातल्या माणसांमधला सहसंबंध, म्हणजे ती एकमेकांसारखी असण्याचं माप, अवघा ०.०००४ असला, तरी लागणारी संख्या दुप्पट होते. म्हणून मोजक्या मोठ्या समूहांपेक्षा पुष्कळ छोटे समूह घ्या. उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी झालेल्या अभ्यासात गावांचे ५२ समूह चार गटांत वाटले होते. एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) शोधणारी तपासणी एकदाच झालेल्या गटातले मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, जवळपास निम्मे झाले. हा निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाला.

तपासणीची पद्धत निवडताना सगळे संवेदनशीलता (आजारी माणसांपैकी किती जण पकडले जातात) विचारतात. मी आधी विशिष्टता (निरोगी माणसांपैकी किती जणांना निरोगीच ठरवलं जातं) बघते. दहा हजारांत ५० जणांना कॅन्सर आहे, संवेदनशीलता ९० टक्के, विशिष्टता ९५ टक्के: खरे पॉझिटिव्ह ४५, खोटे जवळपास ४९८. बारातल्या एकालाच खरा आजार! संवेदनशीलता शंभर टक्के केली तरी अकरातला एक. विशिष्टता ९९ टक्के केली, की तिघांतला एक. त्या प्रत्येक खोट्या पॉझिटिव्हमागे बायॉप्सीची वाट बघणारं एक घर असतं, त्यामुळे आराखड्यात त्यांच्या पुढच्या तपासण्यांचा खर्च आणि वेळ धरलाच पाहिजे.

शेवटचा हिशेब अतिनिदानाचा: जे कॅन्सर आयुष्यभर त्रास देणार नव्हते, तेही सापडतात आणि त्यांच्यावर उपचार होतात. दक्षिण कोरियात थायरॉइड तपासणी पसरली, तशी १९९३ ते २०११ या काळात निदानं सुमारे पंधरा पट झाली. मृत्युदर होता तिथेच राहिला. हे मोजायचं, तर मोहीम संपल्यावर दोन्ही गटांवर आणखी बरीच वर्षं लक्ष ठेवा. दुसऱ्या गटातले कॅन्सर यथावकाश लक्षणांनी उघड होतात आणि फरक कमी होत जातो. लीड टाइम उलटून गेल्यावरही तपासलेल्या गटात जेवढे जास्त उरतात, तेवढं अतिनिदान. या पाठपुराव्याचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात मागा, आणि हाती आलेला आकडा पुढच्या मोहिमेच्या संमतिपत्रात साध्या भाषेत लिहा.