लांबच्या प्रवासाला गाडी काढताय? टपालाच्या या चुका टाळा

कार्तिकी एकादशी झाली की आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीतनं गाड्या सुटायला लागतात. कुणी नर्मदा परिक्रमेला, कुणी राजस्थानला. उन्हाळ्यात लडाखवाले निघतात. हल्ली निवृत्त जोडपीसुद्धा महिना महिना स्वतःची गाडी घेऊन फिरतात, चांगलंच आहे. टायर बदलून होतात, स्टेपनी तपासून होते, चिवड्याचे डबे भरून होतात. आणि "टपालाचं काय केलंत?" असं विचारलं की माझ्याकडे बघतात, जणू मी घोड्याच्या चाऱ्याची चौकशी केली.

"आता कोण पत्रं लिहूलालंय काका? सगळं मोबाईलवर येतंय की!"

ख्यालीखुशालीची पत्रं येत नाहीत, हे खरं. म्हणूनच जे येतं ते कामाचं असतं: बँकेचं कार्ड, चेकबुक, गाडीचं आरसी, पासपोर्ट, महापालिकेची नोटीस, वकिलाचं पाकीट. गल्लीतल्या पाच-सहा घरांच्या किल्ल्या गेली कित्येक वर्षं माझ्याकडे असतात, त्यामुळे कोण काय घोळ घालतं ते जवळून बघतो. घोळ तेच ते असतात, माणसं तेवढी बदलतात.

टपाल गाडीच्या मागे पळवणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्ही दोघं गाडीनं परिक्रमेला निघालो होतो. निघायच्या आधी गाडीचं कर्ज फिटलं होतं, आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायला दिला होता आणि नवं कार्ड यायचं होतं. आम्ही भरुचच्या आसपास असताना पुतण्याचा फोन आला. "काका, आरसी आलंय. मी घेतलो."

इथं मी "कपाटात ठेव" एवढंच म्हणायचं होतं. पण गाडी चालवणाऱ्याला कागद जवळ असला की धीर येतो. मी म्हटलं, "अमरकंटकला शुक्रवारी पोचतोय, तिथल्या लॉजच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठव." पुतण्यानं त्याच दिवशी पाठवलंसुद्धा.

पुढं काय झालं, तर जबलपूरला क्लच गेला. दोन दिवस गॅरेजसमोरच्या बाकड्यावर बसून काढले. तिकडे पोस्टमन ठरल्यासारखा लॉजवर गेला, काउंटरवरच्या पोरानं वही उघडली, त्यात माझं नाव नव्हतं. "ऐसा कोई यहाँ रुका नहीं है." पोस्टमननं पाकिटावर शेरा मारला आणि पाकीट परतीच्या वाटेला लागलं. त्याची काही चूक नाही, पत्त्यावर माणूस नाही तर तो काय करणार? मी रविवारी पोचलो, तर पोस्ट बंद. सोमवारी सकाळी काउंटरवर उभा राहिलो. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन असा तो तेरा खुणांचा नंबर कागदावर लिहून दिला. पोस्टमास्तरांनी संगणकात बघितलं आणि अगदी सौजन्यानं सांगितलं, "वो तो वापस चला गया."

अर्धा दिवस गेला. दर्शनाला गेलेली बायको परत आली तरी मी पोस्टाच्या पायरीवरच. कळस म्हणजे शेजारी बसलेल्या एका नागपूरच्या पोरानं विचारलं, "काका, डिजिलॉकरमध्ये नाही का तुमचं आरसी?" होतं की! डिजिलॉकरमधलं किंवा एमपरिवहनमधलं आरसी आणि लायसन २०१८ पासून मूळ कागदासारखंच धरतात. (गॅलरीतला फोटो नव्हे हं, ॲपमधलाच कागद.) म्हणजे कार्ड माझ्या मागे पळवायचं काही कारणच नव्हतं. ते आमच्या आधी बेळगावात पोचलं आणि पुतण्याच्या टेबलावर आमची वाट बघत पडलं.

तेव्हापासून माझा नियम एकच: आपण फिरायचं, टपालानं जागेवर बसायचं. पोस्टात पत्ता बदलून घ्यायची सोय आहे. आपल्या डिलिव्हरीच्या पोस्टात लेखी अर्ज दिला की टपाल नव्या पत्त्यावर वळवतात. पण ती सोय दोन महिने पुण्याला मुलाकडे राहायला जाणाऱ्यासाठी, रोज मुक्काम बदलणाऱ्यासाठी नव्हे. अगदीच काही मागवावं लागलं तर वाटेवरच्या नातेवाइकाच्या घरी मागवा, आपण पोचायच्या चांगले आठ दिवस आधी पोचेल असं, आणि पाकिटावर त्यांचं नाव व फोन घाला. लॉजच्या पत्त्यावर कधीच नको.

"घर बंद होतं, म्हणजे नोटीस लागू नाही"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. शिकलेली माणसं म्हणतात. काही जण तर शेजाऱ्याला सांगून जातात, "वकिलाचं काही आलं तर घेऊ नको."

खानापुरातल्या माझ्या एका मावसभावाची गोष्ट. शेडवर पत्रे घालणाऱ्याला पुढच्या तारखेचा चेक दिला आणि हा लडाखला गाडी घेऊन गेला. खात्यात पैसे थोडे कमी पडले, चेक परत गेला. बँकेचा मेसेज आला असणार, पण याचं सिम प्रीपेड. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. हे निघायच्या आधी कुणी सांगत नाही आणि तिथं पोचल्यावर ओटीपीच्या नावानं सगळे बोंबलतात. पत्रेवाल्याशी आधीच कुरबुर झालेली. त्यानं वकिलाकडून नोटीस धाडली. पोस्टमन येऊन गेला, कुलूप बघून चिठ्ठी लावून गेला, पाकीट काही दिवस पोस्टात पडून राहिलं आणि "घर बंद" शेऱ्यानं परत गेलं.

भाऊ दीड महिन्यानं आला तो खुशीत. "मला काय मिळालंच नाही की!"

चार-पाच महिन्यांनी कोर्टाचं समन्स आलं तेव्हा वकिलानं त्याला खाली बसवून समजावलं. चेक परत गेल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत समोरच्यानं नोटीस द्यायची आणि आपल्याला ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे, असा चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ चा हिशेब. आणि "मिळाली" म्हणजे हातात पडलीच पाहिजे असं नाही. बरोबर पत्त्यावर रजिस्टरनं पाठवली की ती पोचली असं कायदा धरून चालतो. घर बंद होतं, घ्यायला नकार दिला, यानं सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्याच निकालात एक फट मात्र ठेवलीय: नोटीस खरंच मिळाली नाही म्हणणाऱ्यानं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत आणि तसं कोर्टाला सांगावं. भाऊ त्या फटीतनं बाहेर पडला. पण वकिलाची फी, बेळगावच्या खेपा, बायकोची बोलणी धरली तर नवे पत्रे घालून झाले असते.

म्हणून निघायच्या आधी दिलेले चेक आठवा आणि खात्यात पैसे ठेवा. वकिलाचं पाकीट आलं तर घेऊ नको नव्हे, आधी घे आणि लगेच फोन कर, असं घरी सांगून जा. आमच्या पिढीला "रजिस्टर आलंय" म्हटलं की पोटात गोळा यायचा. सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळून टाकलंय, त्यामुळे आता स्पीड पोस्टाचं पाकीट बघून "बँकेचं असेल" म्हणून बाजूला टाकू नका.

सगळ्यांना सांगितलं, म्हणजे कुणालाच नाही

"शेजारी आहेत की, बघतील." कोण शेजारी? एकच माणूस नेमा. नातं जवळचं हवं असं नाही, पण तो रोज घरी असणारा हवा आणि आपल्या भागात त्याला कन्नड वाचता आलं पाहिजे. हे शेवटचं लोक विसरतात. मागे एका घराचं टपाल सांभाळणाऱ्या आजोबांनी महापालिकेचा कागद आला तेव्हा फोनवर कळवलं, "काहीतरी सरकारी आहे बघा." त्यांना कन्नड वाचता येत नव्हतं. कागद घरपट्टीचा होता आणि त्यात तारीख होती.

मी स्वतः हे काम आमच्या खालच्या मजल्यावरच्या आठवीतल्या पोरीकडे दिलंय. ती मराठी शाळेत जाते, पण कन्नड झरझर वाचते. तिच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात कुणाकडून, तिसऱ्यात "फोन केला / नाही". पाकिटाच्या बाहेरच्या बाजूचा फोटो मला पाठवते, मी सांगितलं तरच फोडते. दर रविवारी संध्याकाळी आठला फोन. एकदा मी विसरलो तर तिनंच केला आणि वर ऐकवलं, "काका, तुम्हीच नियम केलाय की." मोठ्या माणसांपेक्षा ही पोर बरी. मोठी माणसं "विशेष काही नाही" म्हणतात आणि ठरवतात काय विशेष ते स्वतःच.

त्या माणसाच्या नावानं सहीचं अधिकारपत्र करून जा, सोबत आधारची प्रत जोडा. पोरीला पोस्टात कोण दाद देणार, म्हणून अधिकारपत्र तिच्या आईच्या नावे. आणि पोस्टमनला प्रत्यक्ष भेटून सांगा. दोन मिनिटं लागतात. आमच्या बीटवर नवा पोस्टमन आला तेव्हा मी गेटवरच गाठून ओळख करून घेतली. गदगचा मुलगा, मराठी समजतं पण बोलताना अडतो. मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, आमच्याकडे कुलूप दिसलं तर खालच्या दाराची बेल वाजव. आजवर एकदाही चिठ्ठी लावून गेला नाही.

पत्ता अर्धामुर्धा लिहिणे

सीमेवर राहणाऱ्यांनी तरी पिनकोडाची चेष्टा करू नये. बेळगाव शहराचं टपाल ५९० वर, तालुक्यांचं ५९१ वर; रस्ता ओलांडून चंदगड तालुक्यात गेलात की ४१६. पहिला आकडाच विभाग ठरवतो, ५ कर्नाटकाकडे, ४ महाराष्ट्राकडे. "बाजार बेळगावचाच की" म्हणून चंदगडच्या गावापुढं बेळगावचा पिन टाकणारे मी बघितलेत. ते पाकीट आधी बेळगाव बघतं, मग कोल्हापूर. जुन्या कागदांवर बेलगाम, २०१४ नंतरच्यावर बेळगावी. दोन्ही पोचतं, पिन बरोबर असला तर. आणि पत्ता इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहा. भाषेवर माझंही प्रेम आहे, पण पाकिटावर तो लढा लढून गदगच्या पोराला कोड्यात टाकण्यात अर्थ नाही.

बारीकसारीक

पेपर आणि दूध बंद न करणे. गेटमध्ये आठ दिवसांचे तरुण भारत आणि पुढारी पडलेले दिसले की चोराला वेगळी चिठ्ठी लागत नाही.

पावसाळ्यात दाराखालची फट ही टपालपेटी नव्हे. जुलैत आमच्याकडे ओल भिंतीतनं चढते. लगदा झालेलं चेकबुक वाळवायला इस्त्री घेऊन बसलेला माणूस मी बघितलाय. झाकणाची पत्र्याची पेटी, गेटच्या आत, छपराखाली.

निघायच्या पंधरा दिवस आधी पासपोर्टला किंवा नव्या कार्डाला अर्ज करणे. घाई कशाची? परत आल्यावर करा.

विमा हप्त्याची सूचना घरी येते म्हणून वाट बघणे. एलआयसीच्या वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिकला १५. तारीख स्वतःच्या वहीत लिहा.

नोव्हेंबरात फिरणारे पेन्शनर: हयातीचा दाखला फोनवरून चेहरा दाखवून कुठूनही देता येतो. त्यासाठी सहल अर्धी टाकून परत येणारे दोघं माझ्या ओळखीत आहेत, दोघंही माझ्यावरच चिडलेले.

"तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्यानं अडकलंय, या लिंकवर पैसे भरा" असा पोस्टाच्या नावानं मेसेज आला तर तो खोटा समजा. घरापासून लांब असलेला माणूस पटकन घाबरतो आणि दाबतो. घरी फोन करा, वहीत बघायला सांगा.

आणि परत आल्यावर सगळं टपाल एका रात्रीत फोडायला बसू नका. बाराशे किलोमीटर गाडी चालवून आलेला माणूस चेकबुकाचं पाकीट रद्दीत टाकतो. मी टाकलंय. दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याच्या दुकानात पोत्यांवर बसून शोधलं, तो शांतपणे चहा पीत बघत होता.