ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोम: चेहऱ्याच्या नादात कान राहतो, या चुका टाळा

बाळाचे डोळे बाहेरच्या कोपऱ्याला खाली उतरलेले, गालाची हाडं चपटी, हनुवटी आत गेलेली, कान वेडेवाकडे किंवा भोकच बंद आणि हे सगळं दोन्ही बाजूंना, असं असेल तर ट्रेचर कॉलिन्सची, म्हणजे चेहऱ्याची हाडं आणि कान पोटातच नीट न घडण्याच्या जन्मजात आजाराची, शंका घ्यायलाच पाहिजे. साधारण ५० हजार जन्मांमागं एक केस, त्यामुळं कोरेगाव-वाईकडच्या डॉक्टरांनी एकही बघितलेली नसेल, पण "मोठं झालं की चेहरा भरतो" ऐकून घरी बसू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळे चेहऱ्याचं ऑपरेशन कधी हेच विचारत राहतात आणि कान तपासायचा राहतो. या मुलांचा आतला कान बहुतेक वेळा चांगला असतो, आवाज आत जायचा रस्ता बंद असतो नाहीतर मधली बारीक हाडं नीट झालेली नसतात. मग पोरगं हाकेला बघत नाही, बोलत नाही, आणि पाहुण्यारावळ्यांत "डोक्यानं कमी आहे" असा शिक्का बसतो. अहो, बुद्धी बहुतेकांची एकदम नॉर्मल असते! बेरा, म्हणजे आवाज कानातनं मेंदूपर्यंत पोचतो का हे बघायची तपासणी, करा, आणि नुसती साधी नको, हाडातनं आवाज देऊन करतात ती पण करायला सांगा. आतला कान चांगला निघाला तर हाडातनं आवाज नेणारं मशीन मऊ पट्ट्यानं डोक्याला लावता येतं, काही महिन्यांच्या बाळाला पण, त्यासाठी ऑपरेशनपर्यंत थांबायचं नसतं.

गुगलवरचे फोटो जुळवून नाव ठरवू नका. एकाच बाजूचा कान-जबडा लहान असेल तर गोल्डनहार सिंड्रोम असू शकतो, अंगठा बारीक असेल तर नेगर सिंड्रोम, हे दोन्ही वेगळे जन्मजात आजार आहेत, म्हणून डॉक्टरांना हात पण दाखवा.

ग्रहण पाळलं नाही म्हणून सुनेला बोलणं तर बंदच करा, जीनमधला बदल निम्म्याहून जास्त केसेसमध्ये बाळातच नव्यानं झालेला असतो. पण म्हणून आईवडिलांची तपासणी टाळू नका, एखाद्यात लक्षणं इतकी हलकी असतात की कुणाच्या लक्षात येत नाही आणि तसं असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला साधारण ५० टक्के शक्यता राहते.

अंगणवाडीत आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, सरकारची मुलांची आरोग्य तपासणी) टीम येते, त्यांना दाखवून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. झोपेत श्वास अडकत असेल किंवा दूध पिताना निळं पडत असेल तर मात्र चिठ्ठीची वाट न बघता लगेच न्या. बेराला झोपेचं औषध देणार असतील तर हनुवटी लहान आहे, पोरगं घोरतं, हे औषध द्यायच्या आधीच सांगा.